हौद्यातले बूट

गौरवनं कानाखाली अशी वाजवली की आदीच्या तोंडातला चहा टपरीच्या पत्र्यावर उडाला.

वडे तळणाऱ्यानं झारा तसाच वर धरला. सगळ्यांची नजर आदीच्या उजव्या हातावर. हा हात कसा चालतो ते लोणावळ्याच्या बाजारात पोराटोरांना ठाऊक होतं. दिवाळीत गाडी लावण्यावरनं एका पाहुण्याचं नाक फुटलं ते ह्याच हातानं. शाळा सुटली तीसुद्धा ह्याच हातामुळं. दहावीत सरांनी आईवरनं शिवी दिली, आदीनं सरांना उचलून बाकाच्या पलीकडं टाकलं, त्यानंतर ना शाळेनं बोलावलं ना हा गेला. गौरव तर त्या सरांच्या निम्मासुद्धा नव्हता. पण आला होता तोच मारायला, आणि मारून हसत उभा होता.

आदीनं ग्लास फळीवर ठेवला. डाव्या हातानं आपलंच उजवं मनगट धरलं, घट्ट, दुसऱ्याचं धरावं तसं.

"झालं का? का दुसऱ्या कानाला बी पायजे?"

"घे की," म्हणत गौरवनं दुसऱ्या कानालाही दिली.

आदी मनगट धरूनच तालमीकडं चालायला लागला. मागनं कुणीतरी हाळी दिली, "पैलवान, हात गहाण ठिवलाय का?" टपरी खदखदून हसली. आदीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही गालाच्या दुखण्यानं नव्हे.

गोष्ट अशी होती. गावातल्या जुन्या इमारती बघत नगरपरिषदेची एक समिती दर वर्षी फिरते आणि त्यातल्या तीन निवडते. त्या तिन्हींची त्या वर्षी डागडुजी होते, भिंतीवर पाटी लागते, आणि एकदा पाटी लागली की कुणाचा बाप आला तरी त्या भिंतीला हात लावता येत नाही. यंदा शेवटाला चार उरल्या होत्या. एक टेकडीवरचा बंगला, एक बंद पडलेलं वाचनालय, एक पाण्याचं दगडी टाकं, आणि चौथी आदीची तालीम.

तालीम जागा म्हणून लहानच. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, मध्ये लाल मातीचा हौदा. दार इतकं बुटकं की आत येणाऱ्याला वाकावंच लागतं, मग तो आमदार असो नाहीतर आंघोळ न केलेला पोरगा. पण मागची भिंत पोट सुटल्यासारखी पुढं आली होती आणि एका तुळईला टेकू दिला होता. येता पावसाळा ती भिंत बघणार नाही, हे दिसतच होतं. म्हणजे निवड व्हायची तर यंदाच.

"फक्त एक लक्षात ठेवा," मागल्या खेपेला समितीच्या सविता मॅडम जाता जाता म्हणाल्या होत्या. "जिथं मारामाऱ्या, पोलीस तक्रारी असं काही चालू असतं, ती वास्तू आम्ही त्या वर्षी बाजूला ठेवतो. आधी तुमचे वाद मिटवा, मग पुढच्या वर्षी बघू. शनिवारी पूर्ण समिती घेऊन येते मी."

हे ऐकून तालमीतल्या सगळ्या पोरांनी एकदम आदीकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय?" आदी म्हणाला.

मॅडमची गाडी गेल्यावर अंबाजी वस्तादांनी त्याला हौद्यात बोलावलं. वस्ताद म्हणजे तालमीचे गुरू. सत्तरी उलटलेली, छाती खाली आलेली, पण पंजा अजून लोखंडाचा.

"हात घाल मातीत," वस्ताद म्हणाले. आदीनं घातला. "शनिवारपातूर कुणावर हात उचलायचा न्हाई."

"आन् कुणी मारलं तर?"

"मार खायचा."

"तक्रार?"

"ती बी न्हाई. तू मारलंस तरी तक्रार, तू मार खाल्लास तरी तक्रार. नाव तालमीचंच लागतंय."

"आन् तुमाला कुणी मारलं तर?"

वस्ताद हसले. "मला कोन मारतंय? ह्या गावात निम्म्यांच्या पाठीला मीच माती लावलीय."

अडचण एवढीच, की मॅडमचा नियम भिमाजीलाही कळला होता.

भिमाजी काही परका नव्हे. ह्याच मातीतला. तालमीत मारुतीच्या खालोखाल जो फोटो लावलाय तो त्याचाच. खांद्यावर गदा, गळ्यात हार, कान मोडलेले. वस्ताद आपल्या ताटातलं तूप त्याच्या ताटात वाढायचे, असं जुनी माणसं सांगतात. मग डावा गुडघा गेला, कुस्ती सुटली, आणि भिमाजीनं जागा खाली करून द्यायचा धंदा धरला. मळवलीत कुणाचा फार्महाऊस अडलाय, कुठं एखादी म्हातारी घर सोडत नाही, की बोलवा भिमाजीला. आता तालमीशेजारच्या हॉटेलाला गाड्या लावायला जागा पाहिजे होती. तालीम यंदा निवडीतून पडली की पावसात भिंत पडणार, भिंत पडली की बाकीची धोकादायक म्हणून पाडणार, आणि मोकळी जागा ठेक्यानं हॉटेलवाल्याला मिळणार. भिमाजीला स्वतः काही पाडायचं नव्हतंच. त्याला आदीची फक्त एक बुक्की पाहिजे होती. म्हणून त्यानं आपला भाचा पुढं घातला. तो गौरव.

दोन दिवसांनी संध्याकाळी आदी आणि रमीज मोटरसायकलवरनं कुरवंड्याला चढत होते. आदी चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या ढेपा उचलायचा, रमीज पंक्चर काढायचा, आणि दोघं तालमीतली जोडी. वळणावर एक जीप आडवी लावलेली होती. त्यातनं गौरव आणि त्याची तीन पोरं उतरली. हातात हॉकीच्या काठ्या.

"रम्या, हात न्हाई उचलायचा," आदी गाडीवरनं उतरता उतरताच म्हणाला.

"येडा झालास का?"

"न्हाई उचलायचा म्हंतोय ना."

पहिली काठी आदीच्या पाठीत बसली. तो खाली बसला. रस्त्याच्या मधोमध, गुडघ्यांत डोकं घालून, आपलं मनगट आपणच आवळून. दुसरी बरगडीवर आली, तेव्हा आतनं काहीतरी सरकल्यासारखं झालं. तोंडात रक्ताची चव आली. काठ्या पडत होत्या आणि आदी मनात एकेकाचं थोबाड लक्षात ठेवत होता. ह्याचा जबडा. ह्याचे पुढचे दात. ह्याची मान. गौरव वाकून त्याच्या कानाशी बोलला, अगदी लाडीगोडीनं. "मार की एक. एकच मार. लगीच जातो आमी."

आदीच्या उजव्या हाताची बोटं वळली. डाव्या हातानं ती पुन्हा उलगडून काढली.

मग रमीज किंचाळला. त्यानं डोकं वाचवायला हात वर धरला होता आणि काठी बोटांवर बसली होती. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्या आवाजानं गौरवची पोरंच दचकली, जीपमध्ये बसली आणि निघून गेली.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय झालं?"

"गाडीवरनं पडलो," आदी म्हणाला.

"दोघंही?"

"व्हय."

"आणि ह्याच्या पाठीवर काय, गाडी पडली?" डॉक्टर म्हणाला, पण पुढं विचारलं नाही.

रमीजची आई खुर्शीदा एका खानावळीत पोळ्या लाटायची. ती तशीच धावत आली, कोपरापर्यंत पीठ. पोराचं प्लास्टर बघितलं, मग आदीकडं वळली.

"पडला म्हंतोस."

"व्हय मावशी."

"तू दुसरीत असल्यापासनं माझ्याशी खोटं बोलतोस, आन् दर वेळी नाक खाजवतोस."

आदीनं नाकावरचा हात खाली घेतला आणि सगळं सांगितलं. मॅडमचा नियम, शनिवार, भिमाजीचा डाव.

"म्हंजी तुमची भिंत राहावी म्हणून माझ्या पोराचं बोट मोडलं तरी मी गप बसायचं," शेवटी ती म्हणाली. "पंक्चर कोण काढणार, तुझी तालीम?"

रमीज खाटेवरनं म्हणाला, "अम्मी, राहू दे. मी पण त्याच भिंतीत वाढलोय."

"तुझा बाप पण वाढला. आन् घरात काय आणलं, तर मोडका कान." मग ती आदीच्या पुढ्यात आली आणि एक खणखणीत थोबाडीत दिली. गौरवच्या दोन्हींपेक्षा ही जास्त लागली. आदीच्या गालावर पिठाची पाच बोटं उठली. "ही माझ्याकडनं. शनिवारपर्यंत मी गप. रविवारी बोट माझं आन् चौकी बी माझी. तेव्हा आडवा आलास तर बघ."

शुक्रवारी सकाळी एक बारका पोरगा हौद्यात उतरला आणि ओरडतच वर आला. तळवा फाटला होता. वस्तादांनी खाली बसून माती हातात घेतली, उन्हाकडं धरली. माती चमकत होती. रात्रीतनं कुणीतरी कौल सरकवून ट्यूबलाइटी फोडून टाकल्या होत्या आणि वर माती सारखी केली होती.

वस्तादांनी मूठ उघडून माती परत हौद्यात सोडली. मग म्हणाले, "चाळा."

गवंड्याकडनं वाळू चाळायची जाळी आणली. पोरांनी अख्खा हौदा उपसायला घेतला. ही माती म्हणजे नुसती माती नव्हे. पिढ्यान् पिढ्या तीत ताक, तेल, हळद, कापूर मुरलेला. फेकून नवी आणावी असं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. काच बारीक होती. जाळीतनं सुटलेली हातानं वेचायची. दुपारपर्यंत सगळ्यांची बोटं लाल झाली, मातीची की रक्ताची ते कळेना.

आदी उठला. पहार उचलली आणि दाराकडं निघाला. वस्ताद आधीच उंबऱ्यात येऊन बसले होते. त्या बुटक्या दारात माणूस बसला की मुंगीलाही वाट राहत नाही.

"सरका, वस्ताद."

"न्हाई."

"मातीत काच घातली त्यानं. मातीत."

"भिमानं न्हाई घातली."

"अजून त्याचीच बाजू घेताय?"

"बाजू न्हाई घेत. त्याला वळखतो मी. तो घर पाडंल, मानूस पाडंल. मातीत काच न्हाई घालायचा. ही त्या पोरांची अक्कल."

"मग फोटो कशाला ठिवलाय त्याचा? पूजा करताय?"

"फोटो त्याच्या कुस्तीचा हाय. धंद्याचा न्हाई."

आदीच्या डोक्यात सणक गेली. पहार टाकली, वळला आणि भिंतीवरच्या भिमाजीच्या तोंडावर अशी बुक्की ठेवून दिली की काचेचा चुरा झाला. आणि तो चुरा, कुठं जाणार दुसरीकडं, चाळून झालेल्या मातीत पडला.

सगळी तालीम त्याच्याकडं बघत राहिली.

"शाब्बास," वस्ताद उंबऱ्यातनंच म्हणाले. "आता तेवढी बाजू परत चाळ. एकटा."

शनिवारी सकाळी हौदा पुन्हा भरला होता. वर हळद, ताक, कापूर. पोरांनी लंगोट चढवले होते. मॅडम दहाच्या पुढं येणार होत्या. त्यांच्या आधी दाराशी अंधार झाला आणि भिमाजी वाकून आत आला. मागनं गौरव. भिमाजीच्या पायात पांढरे बूट, लेस बांधलेले, नवे कोरे.

तालमीत उंबऱ्याच्या आत चप्पल येत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, आणि भिमाजीला तर शिकवायची गरजच नव्हती. तो सरळ हौद्याच्या कडेपर्यंत आला, सगळ्यांवरनं नजर फिरवली, आणि बुटासकट मातीत उतरला.

पोरं एक पाऊल मागं सरली.

"बूट काढ, भिमा," वस्ताद म्हणाले.

"कशाला? उद्या हितं गाड्या लागनार. त्यांना काय टायर काढून आत यायला लावनार?" गौरव फिस्सकन हसला. भिमाजी फोटोपाशी गेला. "काच कुनी फोडली ह्याची?"

"मी," आदी म्हणाला.

"कशानं?"

"बुक्कीनं."

"म्हंजी हाय की बुक्की. मला वाटलं इकलीस."

वस्ताद हौद्यात उतरले आणि त्यांनी भिमाजीच्या दंडाला धरलं. "भाईर हो."

भिमाजीनं दंड झटकला. त्याला म्हाताऱ्याला पाडायचं होतं की नव्हतं, देव जाणे. पण वस्ताद कोलमडून फिरले, पाय अडकला, आणि हौद्याच्या दगडी काठावर कपाळ आपटलं. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. क्षणभर भिमाजीचा हात त्यांना उचलायला पुढं आला. मग त्यानं तो मागं घेतला आणि छाती काढून आदीसमोर उभा राहिला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. गाडीची दारं उघडल्याचा आवाज आला.

"मार," भिमाजी म्हणाला. हनुवटी पुढं केली. "म्हातारं पडलंय तुझं. मार की."

आदी हौद्यात उतरला. उजवी मूठ वळली होती, आणि ह्या वेळी डावा हात ती धरायला आला नाही. समोर भिमाजीची हनुवटी, खाली वस्तादांच्या पांढऱ्या मिशीत उतरणारं रक्त, बाहेर बायामाणसांचं बोलणं जवळ येतंय. एक बुक्की. आयुष्यातली सगळ्यात गोड बुक्की झाली असती ती.

आदी गुडघ्यावर बसला आणि त्यानं भिमाजीच्या बुटाची लेस धरली.

भिमाजीला वाटलं हा पाय ओढतोय. त्यानं लाथ घातली. बुटाचं टोक आदीच्या नाकावर बसलं, नाकातनं रक्ताची चिळकांडी उडाली. आदीनं पाय सोडला नाही. लेस ओढली. दुसरी लाथ ओठावर आली, दात ओठात घुसला. आदीनं टाच धरून बूट उपसला आणि हौद्याबाहेर भिरकावला. मग दुसरा पाय. भिमाजी शिव्या देत त्याच्या टाळूवर गुद्दे घालत होता, आणि आदी मान खाली घालून एखाद्या हट्टी बैलासारखा त्या दुसऱ्या लेसशी झुंजत होता. दुसरा बूटही गेला. मोजे गेले.

भिमाजी अनवाणी मातीत उभा राहिला.

आदीनं मूठभर माती घेतली. त्याच्या नाकातलं रक्त तिच्यात टपकत होतं. ती त्यानं भिमाजीसमोर धरली, कुस्ती लागायच्या आधी धरतात तशी.

आणि भिमाजीचा हात पुढं आला. त्यानं आणला नाही, तो आपणहून आला. माती घेतली, कपाळाला लावली, दोन्ही तळव्यांवर चोळली. सगळं झाल्यावर भिमाजीच्या डोळ्यांत उमटलं की आपण काय केलं. पण तोवर पोरांनी मारुतीचा जयजयकार केला होता आणि आदीनं हात पुढं केला होता. आता मागं सरणं म्हणजे कुस्ती सोडून पळणं. फोटोतला माणूस बघत होता. भिमाजीनं हातात हात दिला.

पुढचं सगळं झटापटीतलं. भिमाजी जुना झाला होता, पण वजन दीडपट होतं. त्यानं पहिल्याच खेपेला आदीच्या मानेवर कोपराचा असा दणका घातला की आदीच्या डोळ्यांपुढं काळं आलं. खाली ओढून त्यानं गुडघा नेमका दुखऱ्या बरगडीवर रोवला. आदी कण्हला. तोंडात माती गेली. तेवढ्यात मॅडम वाकून आत आल्या, मागनं समितीची बाकीची दोन माणसं.

"अरे वा, सराव चालू आहे," मॅडम म्हणाल्या आणि मोबाईल वर धरला. मग त्यांना वस्ताद दिसले, गमछा भुवईला दाबून बसलेले. "बाबा, हे काय झालं?"

"चौकट लय बुटकी हाय, मॅडम," वस्ताद म्हणाले. "म्हातारपनी वाकायचं इसरतंय मानूस."

आदी सुटला. कसा सुटला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. रक्तानं आणि घामानं अंग निसरडं झालं होतं, भिमाजीची पकड सरकली, एवढंच. तो फिरला आणि त्यानं भिमाजीच्या डाव्या पायात शिरून पट काढला, त्याच गेलेल्या गुडघ्यावर. भिमाजी उन्मळला. तालमीची भिंत हादरली असं वाटलं. आदी त्याच्यावर आडवा पडला, एक खांदा टेकला, रेटा दिला, दुसरा टेकला. चितपट. पोरांनी एकच गिल्ला केला.

इथं सोडायचं असतं.

भिमाजीचा उजवा हात आदीच्या काखेत अडकला होता. आदीला तो जाणवत होता, सरळ, ताठ, सांध्यापर्यंत. त्याला टपरीवरचं हसणं ऐकू आलं, काटकी मोडल्याचा आवाज ऐकू आला. वस्तादांनी हाक मारली, "आद्या, सोड." त्यानं ती ऐकली. आणि सगळं अंग त्या हातावर टाकलं.

कडकन् आवाज झाला. भिमाजीच्या तोंडातनं जनावरासारखा हुंकार निघाला.

"काय झालं?" मॅडमनी मोबाईल खाली घेतला. "सराव आहे ना हा? की भांडण?"

"भांडण हाय, मॅडम," गौरव दारातनं पुढं आला. फोन त्याच्या हातात तयारच होता. "मारलं मामाला. खांदा मोडला. ह्यांचं रोजचंच हाय हे. मी पोलिसांना लावतो. मामा, सांग ना."

सगळे भिमाजीकडं बघायला लागले. तो मातीत उताणा पडला होता, चेहरा राखेसारखा, खांदा भलतीकडंच. एक शब्द पुरे होता. त्याच शब्दासाठी तर त्यानं आठवडाभर काठ्या चालवायला लावल्या होत्या. त्यानं फोटोकडं बघितलं. वस्तादांकडं बघितलं. आदी अजून त्याच्या छातीवर बसला होता आणि दोघांचा श्वास एकमेकांच्या तोंडावर येत होता.

"गप बस, गौऱ्या," भिमाजी म्हणाला.

"अरं मामा—"

"गप बस म्हटलं ना." त्यानं डोळे मिटले. "कुस्ती हाय, मॅडम. सलामी झालीय आमची. कुस्तीत लागतं."

त्याला उचलून नेलं. मॅडम घाबरल्या होत्या, पण हौदा बघितला, भिंत बघितली, टेकू बघितला. निघताना म्हणाल्या, "चारांमध्ये रोज वापरात असलेली ही एकच जागा आहे. तसं मी समितीत मांडते. पण जरा जपून हो, बाबा."

गाडीचा आवाज लांब गेला. आदी नळावर तोंड धुऊन आला. त्याला वाटलं होतं पोरं खांद्यावर घेतील. पोरं माती सारखी करत होती आणि कुणी वर बघत नव्हतं.

"खांदं टेकलं व्हतं," वस्ताद म्हणाले. "तवा सोडलं का न्हाईस?"

"मी हात न्हाई उचलला, वस्ताद. तुमी सांगितलं तसंच."

"सोड म्हनलो ते ऐकलंस?"

आदीचा हात नाकाकडं गेला. तो त्यानं खाली घेतला. "ऐकलं."

वस्तादांनी मान हलवली. भुवईवरचा गमछा लाल झाला होता. "खुंटीवरनं लंगोट काढ आन् जा. परत हितं यायचं न्हाई."

"वस्ताद, तालीम वाचली की."

"वाचली. म्हनून तर सांगतोय." मग ते भिंतीकडं वळून बसले. "त्याचं बूट पडल्यात भाईर. नेऊन दे."

रविवारी खुर्शीदा रमीजला घेऊन चौकीत गेली. तिनं तिचा शब्द पाळला. संध्याकाळी पोलिसांनी गौरवला आत घातलं. सोमवारी नगरपरिषदेनं, समितीनं शनिवारीच ठरवलेल्या, यंदाच्या तीन वास्तू सांगितल्या. बंगला, टाकं, तालीम. वाचनालय पुढच्या वर्षावर गेलं. रमीजनं फोन करून सांगितलं, पोरं पेढे वाटतायत म्हणाला. मग म्हणाला, "तू येऊ नकोस पण, वस्ताद दारातच बसल्यात."

मंगळवारी आदी बूट घेऊन दवाखान्यात गेला. भिमाजी खाटेच्या कडेवर बसला होता. घरी सोडणार होते. उजवा हात गळ्यात, पायात दवाखान्याची फाटकी स्लीपर. त्यानं आदीला बघितलं, मग बुटांना बघितलं, आणि पाय पुढं केला.

आदी खाली बसला. एक बूट चढवला. तोंडाच्या इतक्या जवळ तो पाय पुन्हा आला तेव्हा ओठातले टाके आपोआप आवळले.

"डॉक्टरला काय सांगितलं?" आदीनं विचारलं.

"गाडीवरनं पडलो."

आदीनं लेस ओढली, गाठ मारली.

"काच मी न्हाई टाकली," भिमाजी म्हणाला.

"वस्ताद बी तेच म्हनले."

"काय म्हनलं म्हातारं?" भिमाजी एकदम पुढं वाकला, आणि खांद्यातली कळ आल्यावर परत मागं टेकला.

"भिमा मातीत काच न्हाई घालायचा, म्हनले."

भिमाजी खिडकीबाहेर बघत राहिला. आदीनं दुसरा बूट चढवला.

"तुला काढलं म्हनं."

"व्हय."

"पोरगं चिक्कीत कशाला सडतंय? गौऱ्या आत हाय, माझा हात असा. मला मानूस लागंल." भिमाजी सरळ आवाजात बोलत होता, टिंगल नव्हती त्यात. "तालीम न्हाई राह्यली तुला. हात तर हाय. असला हात मी बघितला न्हाई. खांद्याचा आवाज आला तवाच म्हनलो, हे पोरगं आपलं."

आदी लेस धरून तसाच बसला. उजवी मूठ वळली. समोर भिमाजीचा गळ्यात अडकवलेला हात होता, पांढऱ्या पट्ट्यातला, नुसता धक्का दिला तरी पुरला असता. शनिवार होऊन गेला होता. कुणी मातीत हात घालायला लावलेला नव्हता. तालीमच नव्हती तर वाचवायचं काय.

त्यानं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं. उठला. तसाच दाराबाहेर गेला.

भिमाजीनं मागनं हाक मारली. त्याची एक लेस सुटीच राहिली होती.